डावीकडची गोळी

नव्वदीच्या सुरुवातीला नवी पेठेमागच्या एका बोळात व्हिडिओ गेमचं दुकान होतं, आणि त्या दुकानात 'लाल विमान' नावाचा एक गेम होता. त्या गेममध्ये यशपालचा हात धरणारा अख्ख्या सोलापुरात कुणी नव्हता. निदान यशपालचं तरी तसं म्हणणं होतं, आणि शिवयोगी ते खोडून काढत नसे, कारण दुसरा नंबर कायम त्याचाच यायचा.

यशपालची एक ठरलेली रीत होती. विमान पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात नेऊन ठेवायचं, नजर त्याच्यावरच रोखायची आणि बाकीचं सगळं डोळ्यांच्या कडेनं टिपायचं. गोळी कुठूनही येवो, शेवटच्या क्षणी मनगट हलायचं. त्या दुकानाचा एक अलिखित कायदाही होता. मेलेल्यानं मशीनला दोष द्यायचा नाही. 'विमान फिरवायची दांडी अडकते' म्हणणाऱ्याला सगळी पोरं एका सुरात 'नाचता येईना अंगण वाकडं' ऐकवायची.

आता दोघांनीही पंचेचाळिशी ओलांडलीय. बुधवार पेठेतला यशपाल शाळेची व्हॅन चालवतो, सकाळ-दुपार चौदा लेकरांची ने-आण करतो. शिवयोगीचं बाळीवेशीत मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. बार्शीच्या एका भंगारवाल्याकडे त्याला तेच जुनं मशीन सापडलं. चार महिने खपून त्यानं ते जिवंत केलं आणि एका रविवारी सकाळी यशपालला फोन लावला. "ये बे. त्या गेममधी अजून दम हाय का आपल्याच आठवणी फुगल्यात, बघू की एकदा."

यशपाल व्हॅन घेऊन हजर झाला. मशीनसमोर उभा राहिला, बाह्या वर सारल्या आणि दांडी हातात घेतली. तोच पडदा, तेच निळं आभाळ, तोच पिपाणीसारखा आवाज. त्याला भरून आलं. मग पहिल्याच टप्प्यात विमान फुटलं.

तो हसला. दुसऱ्यांदा फुटलं तेव्हाही हसला, जरा कमी. पाचव्या वेळी त्याला घाम फुटला आणि दुकानाचा तो जुना कायदा मोडला. दांडी अडकते म्हणाला. रंग फिके आहेत, गोळ्या मधूनच उगवतात, पूर्वी असं नव्हतं, असंही म्हणाला. शेवटी निकालच देऊन टाकला की लहानपणी आपल्याला काही कळत नव्हतं म्हणून हे भारी वाटायचं, गेमच भंगार आहे.

चार महिने खपलेल्या माणसाला हे झोंबणारच. शिवयोगी स्वतः उभा राहिला आणि खेळत खेळत थेट तिसऱ्या टप्प्यापर्यंत गेला. जन्माचा दुसरा नंबर तो! एकही गोळी मधूनच उगवली नाही. गेम होता तसाच होता, चोख आणि निर्दय. यशपालचा चेहरा उतरला. त्यानं पुन्हा दांडी घेतली, विमान कोपऱ्यात नेलं. या वेळी शिवयोगी पडद्याकडे बघत नव्हता, तो यशपालच्या डोळ्यांकडे बघत होता. विमान फुटलं तसं त्यानं मशीनचं बटण बंद केलं.

"यशपाल, ती गोळी डावीकडनं निघाली. अख्खा पडदा वलांडून निवांत आली. तू हललाच न्हाईस."

"कुटली गोळी?" यशपालनं विचारलं.

शिवयोगीनं त्याला समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला सांगितलं. तिथून नजर काढायची नाही, आणि कडेनं हलणारा पेचकस दिसला की बोलायचं. मग तो स्क्रू पिळायचा पेचकस घेऊन त्याच्या डाव्या अंगाला जाऊन उभा राहिला. यशपाल कॅलेंडर बघत राहिला. त्यावरची बारीक तिथीसुद्धा त्याला स्वच्छ वाचता येत होती. बराच वेळ गेला. मित्र चेष्टा करतोय असं वाटून तो वैतागला. सुरू कर की, म्हणाला.

"कवाचा हलवतोय," शिवयोगी म्हणाला.

यशपालनं मान वळवली. पेचकस गालापासून वीतभर अंतरावर होता. या वर्षात व्हॅनचा डावा आरसा दोनदा फुटला होता, आणि दोन्ही वेळा यशपाल रिक्षावाल्यांशी भांडला होता. त्याचा त्याला आता विचारही करवेना. त्याच्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती. लेकरं व्हॅनमध्ये डाव्या बाजूनंच चढतात.

त्यानं व्हॅनची किल्ली शिवयोगीच्या हातात दिली. शेजारच्या गल्लीतला डोळ्यांचा दवाखाना रविवारी दुपारपर्यंत उघडा असतो, तिथं दोघं चालतच गेले. डॉक्टरीणबाईंनी तासभर तपासलं. दोन्ही डोळ्यांत काचबिंदू होता. यात समोरचं शेवटपर्यंत नीट दिसतं आणि कडा गुपचूप विझत जातात, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली औषधानं राखता येईल. गाडी मात्र आजपासून बंद, असं त्यांनी बजावलं. किती दिवसांपासून असं असेल, हे त्यांनाही सांगता आलं नाही. दोनेक वर्षं तरी, म्हणाल्या.

दुकानात परत येऊन यशपालनं एकेका पालकाला फोन लावले. लपवाछपवी केली नाही. डोळे गेलेत, उद्यापासून मी येणार नाही, दुसरी सोय होईपर्यंत लेकरांना तुम्हीच सोडा. कुणी हळहळलं, कुणी लगेच दुसऱ्या व्हॅनचा नंबर विचारला. शेवटचा फोन पहिलीतल्या चंद्रिकाच्या आजीला, गौरम्मांना होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मग त्या दिवशी तुला दिसलीच नव्हती की ती," त्या म्हणाल्या. "खाली पडलेली पाण्याची बाटली उचलाय वाकली हुती, चाकापशी. तू गाडी काडलास. म्या दप्तराला धरून वडली तिला. मला वाटलं, म्या तिला धरलंय ह्ये बघूनच तू काडली असशील. तुजं नाव एवडं चांगलं, कशाला बोलायचं म्हणून गप बसले."

कधीची गोष्ट, एवढंच यशपालनं विचारलं. गौरम्मांनी दिवस सांगितला, शाळेच्या स्नेहसंमेलनाचा.

तो दिवस यशपालला चांगला आठवत होता. लेकरं रंगीबेरंगी कपडे घालून आली होती, आणि व्हॅनमध्ये बसून सगळ्यांनी आपापली गाणी त्याला म्हणून दाखवली होती. घरी गेल्यावर बायकोनं दिवस कसा गेला म्हणून विचारलं, तेव्हा तो म्हणाला होता, काही विशेष नाही, मजेत गेला.