भात चाखून भाव

गिऱ्हाईक घालवण्यात माझ्या साडभाऊंचा हात धरील असा माणूस गोंदिया जिल्ह्यात सापडायचा नाही. राइस मिलवाल्यांच्या तांदळाच्या थैल्यांवर छापायची चित्रं ते घरच्या कॉम्प्युटरवर करून देतात. मोर, कमळ, हसरी गृहिणी, म्हणाल ते. ना नोकरी, ना मालक. अशा माणसानं गिऱ्हाइकाशी किती गोड बोलायला पाहिजे! हे पहिल्याच फोनला सांगतात, "आधी पावभर तांदूळ पाठवा. भाव जेवल्यावर सांगतो."

आणि खरंच, तांदूळ आला की माझी मेहुणी तो शिजवते, साडभाऊ वरण-भाजी काही न घेता कोरा भात डोळे मिटून खातात, वर पाणी पितात आणि मग भाव ठरतो. तोही उलटा. तांदूळ चांगला तर पैसे कमी, भिकार तर दुप्पट. मी एकदा म्हटलं, "काऊन हो, असा कुठं धंदा असते का?" तर म्हणाले, "चांगल्या तांदळाले नाव टाकलं की झालं. खराब तांदळाले मोर नाचवा लागते. मेहनत हाय ना." देवरीकडचा एक मिलवाला भाव कमी करा म्हणून सकाळपासून पिच्छा पुरवत होता, त्याला थंडपणे सांगितलं, "तुमी तांदूळ बदला, मी भाव बदलतो." तो पुन्हा कशाला येतो? आता तर साडभाऊंनी जास्त भाव सांगणं म्हणजे मिलवाल्याचं बाजारात नाक कापल्यासारखं झालं आहे.

यंदा मात्र पाळी त्यांच्यावरच आली. ज्या म्हाताऱ्या शेठजींनी त्यांना पहिलं काम दिलं, ज्यांच्या कामावर अजून निम्मं घर चालतं, त्यांचा नव्या थैलीसाठी तांदूळ आला. मी पाहुणा म्हणून तिथंच होतो. साडभाऊंनी एक घास खाल्ला आणि थांबले. "पाणी कमी पडलं असन," म्हणून पुन्हा शिजवायला लावला. पुन्हा तेच. मेहुणी म्हणाली, "पोरीची फी भराची हाय. गुपचाप जुनाच भाव सांगून टाका." घास बराच वेळ त्यांच्या तोंडात घोळत राहिला. मग हात धुऊन त्यांनी फोन लावला. "शेठजी, इस बार डबल लगेगा."

पलीकडून शेठजी म्हणाले, "मिल अब बेटा देखता है. शुगर निकली तो डॉक्टर ने मेरा चावल बंद कर दिया. मुझे कौन बताता?"

मुलाला राग आला, त्यानं थैली दुसरीकडून करून घेतली. मेहुणीनं अबोला धरला. मीही म्हणतो, चुकलंच साडभाऊंचं. पण तोंडावर सांगायला जीभ रेटली नाही.

शेठजी मात्र अधूनमधून ऑटो करून येतात. सोबत मिलचा पावभर तांदूळ आणि स्वतःपुरती ज्वारीची भाकर. मेहुणी कुरकुरत भात टाकते. मग शेठजी भाकर तशीच हातात धरून साडभाऊंच्या तोंडाकडे पाहत बसतात. "कैसा है?"

परवा साडभाऊ म्हणाले, "सुधर रहा है, शेठजी." म्हातारा खुलला, आणि भाकर मोडून जेवायला लागला. त्याच पातेल्यातला भात माझ्याही ताटात होता. काही सुधारलं नव्हतं.