दिसायचं कशाला?

बेव्हर्ली पार्कच्या पोहण्याच्या तलावावर मी गुडघ्यांसाठी जातो. तिथं पाठीला हवेची टाकी लावून समुद्रात खोल उतरायलाही शिकवतात. एकदा उत्तनची एक कोळीण शिकायला आली, माझ्याच वयाची. शिकवणारा म्हणाला, "बाकी सामान भाड्यानं चालेल, डोळे-नाक झाकणारा मास्क मात्र स्वतःचा घ्या."

तिनं तिथलाच एक मास्क उचलून पट्टा न लावताच चेहऱ्यावर दाबला, नाकानं श्वास ओढला आणि हात सोडले. मास्क चिकटूनच राहिला. मला वाटलं, गुदमरली! ओरडलो, "बाई, काढा तो!"

ती हसली. "भाऊ, असाच बघतात. सैल असला तर पानी शिरंल."

"या वयात कशाला मरायला खाली जाता?"

"नवरा तिथंच बुडाला."

शिकवणारा दचकला. "मावशी, उत्तनला पाणी गढूळ. काय दिसणार नाही."

"दिसायचं कशाला? जाऊन यायचंय."

माझी बायको दवाखान्यात शेवटचे तीन दिवस आत होती. मला बघवेना, म्हणून मी दाराबाहेरच बसून राहिलो.