रकानेवाल्या आक्का

लग्नाच्या हॉलमध्ये शिरल्या की आक्का आधी पाहुणे वाचायच्या. नवरा-नवरीकडे त्यांचं लक्ष नंतर जायचं. जेवायला आलेली, दिसायला आलेली आणि खरंच आलेली, असे पाहुण्यांचे तीन गट त्यांनी करून ठेवले होते, आणि पंगत उठेपर्यंत कोण कुठल्या गटात ते त्या शेजारच्याला सांगत बसायच्या. एकदा मी विचारलं, मी कशात? माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून त्या म्हणाल्या, "तू माझ्याबरोबर आलायस. तुला येगळा रकाना करावा लागंल."

राजारामपुरीत एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर आमचं सर्वेक्षणाचं ऑफिस होतं. गावोगावचे फॉर्म भरून यायचे, आम्ही ते कॉम्प्युटरवर चढवायचो आणि तक्ते काढून ज्याचे त्याला द्यायचो. लोकांची शंभर तऱ्हेची उत्तरं वाचून त्यांचे पाच-सात गट पाडायचे आणि त्या गटांचा नवा रकाना तयार करायचा, हे काम आक्कांचं. म्हणून सगळे त्यांना रकानेवाल्या आक्का म्हणत. कागलजवळच्या शेतकरी घरातल्या, पन्नाशी ओलांडलेल्या, आणि आवाज असा की वर काय चाललंय ते खालच्या झेरॉक्सवाल्याला कळायचं. आमच्याकडच्या बायकांच्या रीतीने स्वतःबद्दल त्या 'मी आलो, मी गेलो' असंच बोलायच्या.

मी संख्याशास्त्रात एम.एस्सी. करून तिथे लागलो तेव्हा सॉफ्टवेअर मला त्यांच्यापेक्षा जास्त येत होतं. ही गोष्ट मी पहिल्या आठवड्यातच तीन-चार वेळा त्यांच्या कानावर घातली. माझे वडील शिक्षक आहेत हे कळल्यावर त्यांनी मला मास्तर म्हणायला सुरुवात केली. त्यात कौतुक किती आणि चिमटा किती, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

पहिला चिमटा मात्र नीट आठवतो. वयाचे गट करायला सांगितले होते. मी दोन मिनिटांत वीस ते तीस, तीस ते चाळीस, चाळीस ते पन्नास असे गट टाकून पडदा त्यांच्याकडे वळवला. त्यांनी चष्मा पुसला, वाचलं आणि विचारलं, तीस वर्षांच्या बाईनं बसायचं कुठं, दोन्ही घरी जेवायचं व्हय? ऑफिस हसलं. मीही हसलो, पण कान गरम झाले होते.

'इतर' या गटावर त्यांचा राग होता. कुठल्याही यादीच्या शेवटी तो असतोच, आणि कंटाळलेला माणूस नको असलेलं सगळं त्यात लोटून मोकळा होतो. तक्त्यात 'इतर' फुगलेला दिसला की त्या म्हणायच्या, "वाचणारा दमलेला दिसतोय." मग तो गट उघडून त्यातलं एकेक उत्तर परत वाचायला बसायच्या. कुणी गावात म्हशी भादरायचं काम करत असायचा, कुणी ऊसतोडीच्या वाहनांना पंक्चर काढून द्यायचा. अशा माणसांना जागा मिळाली की आक्कांना दुपारचा चहा जास्त गोड लागायचा.

त्यांची गट पाडायची रीतही त्यांचीच होती. कॉम्प्युटरला हात लावण्याआधी त्या सगळी वेगवेगळी उत्तरं चिठ्ठ्यांवर उतरवायच्या आणि टेबलावर मांडायच्या. मग चिठ्ठ्या इकडून तिकडे सरकवायच्या, एकत्र आणायच्या, पुन्हा फोडायच्या. चिठ्ठ्या उडू नयेत म्हणून पंखा बंद. एप्रिल-मेमध्ये अख्खं ऑफिस घामाघूम व्हायचं आणि मनातल्या मनात त्यांना शिव्या घालायचं. पण त्यांनी पंखा बंद ठेवून केलेले गट कधी बदलावे लागले नाहीत, हेही खरं.

आणि एक नियम होता. मूळ उत्तरांच्या रकान्याला हात लावायचा नाही. गट करायचे ते शेजारी नवा रकाना घालून. हे त्या इतक्या वेळा सांगायच्या की मी ऐकणंच सोडून दिलं होतं.

तेवढ्यात बिद्रीकडच्या एका दूध संस्थेचं काम आलं. संस्थेला सभासदांच्या घरात जनावरांचं काम करणाऱ्या माणसांचा अपघात विमा उतरवायचा होता. म्हशीची लाथ बसते, शिंग लागतं, गोठ्यात पाय घसरतो. घराघरांतल्या प्रत्येकाला 'दिवसभर काय काम करता' असं विचारायचं, आणि उत्तरांवरून जनावरांचं काम करणाऱ्यांची यादी सोमवारी द्यायची, असं ठरलं. यादीत नाव नाही त्याला विमा नाही. फॉर्म भरणाऱ्यांना आक्कांनी बजावलं होतं की माणूस बोलेल तसंच लिहून आणा, तुमची अक्कल घालू नका.

शेवटच्या आठवड्यात आक्का भाचीच्या लग्नाला गेल्या आणि मी मोकाट सुटलो. शेती, नोकरी, जनावरांचं काम, घरकाम असे चार गट अर्ध्या तासात पाडले. उत्तरातलं पहिलं वाक्य बघायचं आणि गट ठरवायचा, अशी माझी युक्ती. नवा रकाना घालायचाही कंटाळा केला. मूळ रकान्यावरच आकडे चढवले आणि सेव्ह केलं. रोज संध्याकाळी पेनड्राइव्हवर प्रत काढायची होती, तीही या कामाची एकदाही काढली नव्हती.

शुक्रवारी आक्का आल्या आणि यादीवरून बोट फिरवू लागल्या. पहिलं पान झालं, दुसरं झालं. मग त्यांनी विचारलं, "मास्तर, ह्या गावांत धारा नुसती गडीमाणसंच काढत्यात व्हय?" बायकांची नावं जवळजवळ नव्हतीच. त्यांनी मूळ उत्तरं बघायला रकाना उघडला, तर तिथे एक, दोन, तीन, चार. मी चाचरत म्हणालो की सॉफ्टवेअरने आपोआप सेव्ह केलं असावं.

"सॉफ्टवेअरला हात न्हाईत," त्या म्हणाल्या. आवाज इतका खाली होता की मला ओरडा परवडला असता.

शनिवार-रविवार आम्ही दोघंच ऑफिसात होतो. पोत्यांतून फॉर्मचे गठ्ठे काढले. आक्का वाचत होत्या, मी टाइप करत होतो. बहुतेक बायकांनी सुरुवातीला तेच सांगितलं होतं: काय न्हाय, घरीच असतो. माझी युक्ती तिथेच थांबली होती. पुढचं आता आक्कांच्या तोंडून ऐकू येत होतं. दोन म्हशी हाईत तेवढ्या. वैरण आणतो. शेणघाण करतो. पहाटं धार काढून डेअरीला घालतो. एका फॉर्मवर त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "पाच म्हशी, आनि म्हणती रिकामीच असतो." मी खाली मान घालून टाइप करत राहिलो. माझ्या तक्त्यात ती बाई घरकामात गेली होती. मला स्वतःची मनापासून लाज वाटली.

रविवारी दुपारी पंखा बंद झाला आणि चिठ्ठ्या मांडल्या गेल्या. संध्याकाळपर्यंत नवा रकाना तयार होता, आणि त्यात एक नवा गट: जनावरं सांभाळते, पण त्याला काम म्हणत नाही.

सोमवारी आमच्या ऑफिसच्या साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. असा गट कुठल्याही मान्य यादीत नाही, या बायका घरकामातच टाका, असं त्यांचं म्हणणं. आक्का म्हणाल्या, "साहेब, तुमच्या यादीत त्या न्हाईत, गोठ्यात हाईत. लाथ तिथंच बसती." साहेब थोडा वेळ कागद चाळत राहिले आणि शेवटी 'जाऊ द्या' म्हणाले. मग दोन दिवस ऑफिस उघडं का ठेवलं, हे त्यांनी विचारलं. मी शेजारीच उभा होतो. आक्का म्हणाल्या, लग्नाला जायच्या आधीचं पयलं गट चुकलंतं, माझ्याकडनं. मी तोंड उघडलं नाही.

सात-आठ महिन्यांनी काठी टेकत एक बाई जिना चढून आली. म्हशीच्या लाथेने तिचं मांडीचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन विम्यातून झालं होतं. संस्थेत तिला कळलं होतं की नावं इथून आली. खरवसाचा डबा हातात धरून तिने विचारलं, माझं नाव कुणी घातलं? आक्का चिठ्ठ्या लावत होत्या. मान वर न करता त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं आणि सांगितलं, ह्या मास्तरनं, दोन दिवस बसून एकेक फॉर्म परत चढवला ह्यानं. बाईने डबा माझ्या हातात दिला. म्हणाली, "बाळा, मी काम करतो हे आमच्या घरात मलाबी ठावं नव्हतं."

ती गेल्यावर मी आक्कांना म्हणालो, खरं सांगायला हवं होतं. त्यांनी विचारलं, बसलास का न्हाईस दोन दिवस? मग खोटं काय बोललो मी? आणि डब्यातली पहिली वडी स्वतःच उचलली.

आक्का गेल्या वर्षी गेल्या. साध्या तापाचं निमित्त झालं. ऑफिसात आम्ही सगळे जमलो, त्यांच्या आवाजाबद्दल आणि पंख्याबद्दल बोलून झालं. माझी वेळ आली तेव्हा मी एवढंच सांगितलं की दूध संस्थेची उत्तरं आक्कांनी बिघडवली नव्हती, ती मी पुसली होती. इतकी वर्षं गप्प बसलो, तेही सांगितलं.

सगळे गेल्यावर साहेबांनी मला आत बोलावलं. मग कपाटातून आक्कांची फाइल काढली आणि दूध संस्थेच्या कामाच्या वर्षीचा शेरा माझ्यासमोर ठेवला. वयामुळे कामात गंभीर चुका होत आहेत, यापुढे मुख्य जबाबदारी देऊ नये, असं साहेबांच्या अक्षरात लिहिलं होतं. खाली आक्कांची सही होती, आणि सहीच्या वर त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, 'मान्य'.