उंबऱ्याबाहेरचा पाय

बूट घातलेला लाकडी पाय घरात न्यावा की उंबऱ्याबाहेर ठेवावा? बी. ए. होईपर्यंत हा प्रश्न मला कुणी विचारला नाही, आणि उत्तर अजूनही येत नाही.

लढाई संपून जायबंदी शिपाई घरी आले, त्यांची विचारपूस करणाऱ्या मंडळात मी नुकतीच लागले होते. घरातली पहिली पदवीधर, त्यामुळे उत्साह फार. पहिले काम मिळाले: धानोऱ्याचे दगाभाऊ मंडळाने दिलेला नवा लाकडी पाय वापरत नाहीत, समजवा, नाहीतर पाय परत आणा.

अमळनेरहून सकाळच्या गाडीने नंदुरबार. खिडकी जरूर धरा, पण डोळ्यांत कोळसा जाणारच. पुढे बैलगाडी, भाडे चढण्याआधी ठरवा, चढल्यावर गाडीवान ऐकत नाही. वाटभर मी स्वावलंबनावरचे भाषण पाठ केले. बैलांनी ते शांतपणे ऐकले.

दगाभाऊ ओट्यावर एकटेच बसले होते. पाय दाराशी, वहाणांच्या रांगेत. मी भाषण सुरू केले, तेवढ्यात त्यांच्या आईने, जिजींनी, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा पुढे केला. ठेच्याने भाषण तिथेच संपवले.

"पाय घालत का नाही?" मी डोळे पुसत विचारले.

"घालस ना, ताई. पन बूट घरमा चालत नही. आन बूट काढा ते पाय बोटभर आखूड पडस."

"चुल्हाजवळ चामडं?" जिजी म्हणाल्या. "तू शिकेल शे ना? तूच सांग, हाऊ पाय शे का जोडा?"

मी दगाभाऊंकडे वळले. "मग आत कसे जाता?"

"रांगत," दगाभाऊ हसले. जिजी हसल्या नाहीत.

मुक्काम तिथेच झाला. सकाळी पाय काखेत मारून निघाले, तर गाडीची चाके दुरुस्त करणारे उस्मानचाचा आडवे आले.

"ये किसका पाँव भगा ले चली, बेटी?"

मी अडचण सांगितली.

"बस, इतनाच? चाक बराबर करता हूँ, पाँव नहीं करूँगा?"

बूट काढून त्यांनी बाभळीचा तळवा ठोकला. मागून कुबडीवर आलेले दगाभाऊ म्हणाले, "बोटं बी कोरा, चाचा. पाची."

दुपारी ते नव्या पायावर उंबऱ्याशी उभे राहिले. शेतातून आलेल्याच्या पायांवर ओततात तसे जिजींनी त्यांच्या खऱ्या पायावर पाणी ओतले. लाकडी पायाकडे बघत राहिल्या.

"पाची शेतस," त्या बोटे मोजून पुटपुटल्या, आणि उरलेला तांब्या त्याच्यावर रिकामा केला.

आम्ही तिघे चुलीपाशी जेवलो. ठेचा मी बेतानेच घेतला.

आता घरी आहे. भाषण विसरले, लाकडी बोटांवरून ओघळणारे पाणी विसरले नाही. माझा अहवाल वाचून मंडळाच्या चिटणीसांचे पत्र आले आहे: मोडतोड केलेला पाय कधी परत करणार?

बूट त्यांच्या नावाने मी कालच टपालात टाकला. आत चिठ्ठी आहे: पाय चुलीपाशी जेवायला बसला आहे, उठवता येणार नाही.