राग घोरकल्याण

गोरखकल्याण नावाचा एक राग आहे. तो माहीत असलेल्या घरातच आमच्या ह्यांचा विनोद पिकू शकत होता, आणि आमचं घर दुर्दैवाने तसं होतं. बरकतपुऱ्यातल्या आमच्या तीन खोल्यांत रेडिओवर गाणं लागलं की सम कुठे पडणार ते बारावीतल्या लेकीलाही कळत असे.

मी घोरते, ही तक्रार लग्नापासूनची. बाईमाणूस असून घोरते, हे सासूबाईंनी पहिल्याच महिन्यात ऐकवलं होतं. पण चाळिशी उलटली आणि प्रकरण निराळं झालं. आठ-आठ तास झोपून उठले तरी डोकं जड, घसा कोरडा ठाक आणि दिवसभर डोळ्यांवर झापड. बसमध्ये झोप, भाजी निवडताना झोप. जामबागेतल्या शाळेत मी दहावीला मराठी शिकवत असे. एकदा फळ्यावर लिहिता लिहिता ओळ उतरत उतरत खाली गेली, खडू पडला आणि त्या आवाजाने मला जाग आली. उभ्याउभ्या झोपले होते. वर्गातलं कुणीही हसलं नाही, हे अजून आठवतं.

मुख्याध्यापिकाबाईंनी बोलावून घेतलं. "आजार असेल तर डॉक्टरांचा कागद आणा. नसेल तर जूनपासून दहावी दुसऱ्या कुणाला तरी द्यावी लागेल," म्हणाल्या. संसारात माझं म्हणावं असं फार काही नव्हतं, दहावी तेवढी होती. घरच्या डॉक्टरांनी 'अशक्तपणा' असं लिहून टॉनिक दिलं. बाईंनी तो कागद वाचला आणि परत दिला. "अशक्तपणा मलाही आहे," म्हणाल्या.

त्याच सुमारास आम्ही पुतण्याचं केळवण केलं. बाजार नुकता खुला झाला होता. पूर्वी ज्या टेपरेकॉर्डरसाठी दुबईच्या नातेवाइकांची मनधरणी करावी लागे, तो आता आबिड्सच्या दुकानात काचेमागे मांडलेला असे. ह्यांनी तो आणला होता आणि दिवसभर पुसत बसायचे. जेवणं झाली, विडे झाले, बारा-पंधरा माणसं पुढच्या खोलीत सतरंजीवर टेकली. तेव्हा हे उठले, कॅसेट घातली आणि आकाशवाणीच्या थाटात म्हणाले, "आता ऐकू या राग घोरकल्याण. विलंबित."

मी श्रीखंडाचं उरलेलं पातेलं उचलायला बाहेर आले होते. टेपमध्ये मीच होते. रविवारी दुपारी दिवाणावर डोळा लागला असताना ह्यांनी गुपचूप टेप केलं होतं. घर्र, घर्र, घर्र आणि मग एकदम काहीच नाही. "थांबा, सम येतेय, सम!" हे बोट वर करून म्हणाले. मग टेपमधल्या मी विहिरीतून वर आल्यासारखा हिसका देऊन श्वास घेतला आणि सगळी खोली एका आवाजात "वाहवा!" म्हणाली. पुतण्याने मांडीवर थाप मारली. पुन्हा लावा, पुन्हा लावा, असा आग्रह झाला आणि पुन्हा लावलं गेलं.

मीही हसले. सांगायला लाज वाटते, पण हसले. जावा-नणंदा माझ्याकडेच बघत होत्या, दुसरं काय करणार? मग मोरीत जाऊन नळ मोठा सोडला आणि पोटभर रडले.

शाळेतल्या उर्दूच्या बाईंना माझी दया आली. त्यांनी कोठी भागातल्या एका कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टर वयस्कर होते. शिक्षण विलायतेत झालेलं, बोलणं मात्र अस्सल चारमिनारचं. त्यांनी घसा पाहिला, सकाळी डोकं दुखतं का ते विचारलं आणि म्हणाले, "बाजू में कौन सोते? उनको लेके आओ. नींद में सांस रुकती क्या, वो बोल सकते."

घरी येऊन ह्यांना म्हटलं, "अहो, पुढच्या खेपेला तुम्ही चला. झोपेत माझा श्वास थांबतो का, ते डॉक्टरांना सांगायचंय."

"तुझ्या घोरण्यापायी मी रजा टाकू?"

"पण थांबतो का?"

"छे! थांबला असता तर एव्हाना फोटोला हार नसता का घातला?" असं म्हणून ह्यांनी पेपर वर धरला.

तेव्हा मी एकटीच गेले. पर्समध्ये ती कॅसेट होती. माणूस येत नाही, तर निदान त्याची करामत तरी न्यावी. डॉक्टरांच्या टेबलावर जुना टेप होता, त्यात त्यांनी कॅसेट घातली. परक्या पुरुषासमोर स्वतःचं घोरणं ऐकताना मान वर होईना. डॉक्टर हसले नाहीत. टेप गप्प झाला तसं त्यांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"खर्राटे छोड़ो बाई," ते म्हणाले. "ये चुप सुनो. सांस रुक रई आपकी."

मी ऐकलं. केळवणाच्या हास्यकल्लोळात जे बुडून गेलं होतं ते त्या बंद खोलीत स्वच्छ ऐकू आलं. पंख्याची खरखर. लांबून काचीगुड्याच्या गाडीची शिट्टी. आणि लेकीचा बारीक, घाबरलेला आवाज: "बाबा, आई श्वास घेत नाहीये. उठवू?"

मग अगदी माइकजवळ ह्यांची कुजबुज. "उठवू नकोस गं. आता सम येईल बघ. नेहमी येते."

नेहमी. म्हणजे माहीत होतं. माहीत असून माझ्या तोंडावर 'छे' म्हणाले. विश्वासघात हा शब्द मी दरवर्षी फळ्यावर फोडून दाखवत आले होते: विश्वासाचा घात, षष्ठी तत्पुरुष. त्याचा अर्थ मात्र त्या खुर्चीत कळला.

डॉक्टरांना मराठी येत नव्हती. "ये कौन बात कर रए?"

"हमारे मिस्टर."

"जाग रए थे? फिर उठाए कैकू नईं?"

झोपेचं सोंग घेतलेल्याला उठवता येत नाही म्हणतात. मी सोंग घेतलं नव्हतं, मला उठवता आलं असतं. पण ही गोष्ट डॉक्टरांना कशी सांगणार?

त्यांनी कागदावर 'स्लीप ॲप्निया' असं लिहिलं. हा शब्द मी पहिल्यांदाच पाहत होते. तपासणी करावी लागेल, नाकावर लावायचं यंत्र परदेशातून मागवावं लागेल, म्हणाले. टेप आबिड्सला मिळत होता, श्वास अजून मिळत नव्हता. तोवर उताणं झोपायचं नाही, झोपेची गोळी घ्यायची नाही आणि सांस रुकली की बाजूच्याने हलवून उठवायचं. मुख्याध्यापिकाबाईंनी तो कागद दोनदा वाचला आणि दहावी माझ्याकडेच ठेवली.

उताणी वळू नये म्हणून डॉक्टरांनी एक युक्ती सांगितली होती. त्यांच्याकडून आले त्याच संध्याकाळी जुन्या ब्लाउजला पाठीवर खिसा शिवायला घेतला, आत टेनिसचा चेंडू. लेक येऊन शेजारी बसली. टेपमध्ये काय ऐकलं ते मी तिला सांगितलं. "आई, तेव्हा मी..." एवढंच बोलली.

"तू विचारलंस तरी," मी म्हटलं आणि तिला सुईत दोरा ओवायला दिला.

हे ऑफिसातून आले. चेंडू पाहून हसू लागले, मग आमची तोंडं पाहून थांबले. डॉक्टर काय म्हणाले ते मी सांगितलं.

"मग चेंडू कशाला? मी आहे ना शेजारी, उठवीन की."

मी दोरा दाताने तोडला.

"तुम्ही तेव्हाही होतातच."