काट्यांवरची लोकर

ओल्या लोकरीला एक वास असतो. त्यात थोडे ताक असते, थोडा पावसात भिजलेला पाचोळा, आणि तळाशी तुपाच्या रिकाम्या भांड्यासारखे काहीतरी स्निग्ध, बोटांना चिकटून राहणारे. त्याच्या शेजारी शिजवलेल्या चिंचोक्यांच्या खळीचा गोडसर, किंचित करपट वास आला, की माझ्यापुढे एक देश उभा राहतो. तो देश आता नकाशावर नाही. त्याच्या एका शाळेत मी काही महिने शिकले.

साताऱ्याहून तिथे पोहोचायला मोटारीचा अख्खा दिवस जाई. लढाई चालू होती, पेट्रोल मिळत नव्हते, आणि मोटारीच्या पाठीवर कोळशाची भट्टी बसवलेली होती. चढ आला की ती धापा टाकी आणि उतारू निमूटपणे उतरून शेजारून चालू लागत. वडिलांना विषमज्वर झाला होता. घरात फिनेलचा वास आणि मोठ्यांची कुजबुज भरून राहिली, तेव्हा आईने मला आटपाडीला मावशीकडे पाठवायचे ठरवले. आटपाडी औंध संस्थानात होती. आम्ही खालसातले, म्हणजे इंग्रजांच्या मुलखातले. मावशी राजाच्या मुलखातली. मोठी माणसे हे शब्द इतक्या सहज उच्चारत, की त्यांना त्यात काही नवल वाटत नसावे. माझ्या मनात मात्र त्या दोन शब्दांचे दोन देश झाले होते, आणि दोन देशांच्या मध्ये काय असते ते मला पाहायचे होते.

मला न्यायला मावशीचे यजमान आले होते. त्यांना मी काका म्हणत असे. मी त्यांना वाटेत पुनःपुन्हा विचारत होते, "काका, हद्द आली?"

"आली की सांगतो. हद्द काही पळून जात नाही."

शेवटी त्यांनी बोट दाखवले. रस्त्याच्या कडेला चुना लावलेला एक दगड होता आणि त्यावर एक होला बसला होता. मी मान वळवून दोन्हीकडे पाहिले. अलीकडे बाभळी होत्या, पलीकडेही बाभळीच होत्या. माती तशीच तांबूस, भुरभुरीत, खडे मिसळलेली. मोटारीच्या आवाजाने होला उडाला आणि पुन्हा खालसात जाऊन बसला.

"इथून पुढे सगळे आपल्या राजाचे," काका म्हणाले.

"तो होला कुणाचा?"

काकांनी मान वळवून होल्याकडे पाहिले. "जिथे दाणे टिपेल, तिथला," ते म्हणाले.

शाळेत पहिल्या सकाळी मला कळले, की हा देश खरोखरच निराळा आहे. साताऱ्याला आमची शाळा घंटेने सुरू होई. इथे ती तळहातांनी सुरू होई. मुले-मुली पटांगणात रांगा धरून उभी राहत, गुरुजी सूर्याचे एक नाव घेत, आणि शंभरएक तळवे एकदम जमिनीवर टेकत. तो आवाज कानांपेक्षा पावलांना आधी ऐकू येई. सूर्यनमस्कारात जमिनीला कपाळ लागले, की दव प्यालेल्या मातीचा वास थेट नाकात शिरे. वर्गात बाके नव्हती. आम्ही घोंगडीवर बसत असू. ती चरचरीत, काळीभोर घोंगडी परकरातूनही टोचे, आणि चौथीच्या त्या वर्गाने मला शिकवलेली पहिली गोष्ट म्हणजे न खाजवता बसणे.

माझे नाव हजेरीपटावर नव्हते. गुरुजी सगळ्यांची नावे घेत, पट मिटत, चष्मा कपाळावर सरकवत आणि शेवटी म्हणत, "आणि पाहुणी." मी "हजर" म्हणे. त्यात त्यांचा उपहास मुळीच नव्हता. तरी रोज सकाळी तो शब्द येईपर्यंत मी घोंगडीच्या काठावर, सर्वांत शेवटी, वाट पाहत बसलेली असे.

माझ्या शेजारी एका मेंढपाळाची मुलगी बसे. तिचे डोळे घाऱ्या रंगाचे होते आणि ती माझ्याकडे, मी हद्दीच्या दगडाकडे पाहिले होते, तशी पाही.

"तू खालशातली न्हवं?" तिने विचारले.

"हो."

"तुमच्यात राजा कोन?"

"बादशहा."

"कुटं ऱ्हातो?"

"विलायतेत."

"मंग त्येला तुमी दिसता व्हय?"

हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. "त्याची तसबीर आहे आमच्या शाळेत," मी म्हणाले.

"तसबिरीला दिसतंय," ती पलीकडच्या मुलीला म्हणाली, आणि दोघी तोंडावर हात धरून हसल्या.

त्या शाळेत आठवड्यातून एक तास लोकरीचा असे. कातरणी झाली, की मेंढपाळ शाळेला लोकर देत. गुरुजी प्रत्येकाला एक ओंजळ लोकर आणि एक चाती देत. चाती म्हणजे टोकाला लाकडी चकती बसवलेली काडी. ती फिरवत लोकरीला पीळ द्यायचा आणि निघालेले सूत तिच्यावरच गुंडाळायचे. सगळी मुले चालता चालता सूत काढत. पटांगणाला फेऱ्या घालणारी ती गिरकी घेणाऱ्या चात्यांची रांग पाहिली, की वाटे, कोळ्यांचे एक गाव फिरायला निघाले आहे.

या सुताची घोंगडी गावातला सणगर विणून देई आणि पुढच्या वर्षी चौथीत येणारी मुले तिच्यावर बसत. आम्ही बसत होतो ती आधीच्या मुलांनी कातलेली होती. मात्र सूत घोंगडीत जाण्याआधी त्याची पारख होई. गुरुजी ज्याचे त्याचे सूत दुपदरी करून पटांगणातल्या लिंबाच्या फांदीला बांधत आणि त्याला ज्याची त्याची पाटी टांगत. वर्ग एक पाढा म्हणे. पाढा संपेपर्यंत पाटी लटकत राहिली, तर सूत घोंगडीत. तुटले, तर पाटी खाली. लढाईत पाट्यासुद्धा बाजारातून नाहीशा झाल्या होत्या, म्हणून कच्चे सूत टांगायला कुणी धजत नसे.

"मी पण टांगू?" मी गुरुजींना विचारले.

"तू पाहुणी. तुला सक्ती नाही."

"पण टांगलं, आणि टिकलं, तर?"

"तर लागेल. सूत कुठलं आहे ते घोंगडीला कळत नाही."

त्या क्षणापासून मला दुसरे काही नको झाले. वडिलांचा ताप उतरला, की मी परत जाणार होते, आणि तो उतरावा म्हणून मी रोज देवापुढे हात जोडत होते. पण जाण्याआधी माझे सूत त्या घोंगडीत शिरावे असे मला तितक्याच उत्कटतेने वाटत होते.

मी माझी ओंजळभर लोकर मोठ्या अभिमानाने घरी नेली. मावशीने ती उंबऱ्यातच अडवली.

"हे काय आणलंस गं? मेंढरू आल्यासारखा वास सुटलाय."

"शाळेचा अभ्यास आहे, मावशी."

"अभ्यासाला वास असतो होय? आण इकडे."

मावशीचे सोवळे कडक होते, पण मन मऊ होते. तिने रिठे भिजवले, फेस काढला, आणि ती लोकर इतक्या मायेने धुतली, की जणू माझेच केस धूत होती. वाळल्यावर तिचा पांढराशुभ्र, हलका, कसलाही वास नसलेला ढीग झाला. फुंकर मारली असती तर म्हातारीच्या कापसासारखा उडाला असता. आम्ही दोघी त्याच्याकडे कौतुकाने पाहत राहिलो.

मला एक शंका आली. देवघराजवळच्या खुंटीवर मावशीची धाबळी टांगलेली असे; सोवळ्यातला स्वयंपाक ती तीच नेसून करी. "मावशी, धाबळी कशाची असते?"

"लोकरीची."

"मग ती कधी धूत नाहीस?"

"लोकर मुळात शुद्धच. ती कशाला धुवायची?"

"मग ही का धुतली?"

मावशी रिठ्यांची टरफले गोळा करू लागली. "ती सोवळ्यातल्या मेंढीची असेल," ती शेवटी म्हणाली, आणि स्वतःच्याच उत्तराला इतकी हसली, की तिला पायरीवर टेकावे लागले.

शाळेत मात्र माझे सूत धरेना. चातीला गिरकी दिली की तंतू सुटे होत, आणि हातात धाग्याऐवजी हवा उरे. बाकीच्यांची बोटे तुकतुकीत होती. माझी कोरडी, खडूने माखल्यासारखी. माझ्या शेजारणीने माझ्या मुठीतला पुंजका घेतला आणि हुंगला. पुन्हा हुंगला.

"ह्यात मेंढीच न्हाई," ती म्हणाली. "काय केलंस गं?"

"धुतली."

तिने पुंजका माझ्या मुठीत परत कोंबला. मग तिने वळून सगळ्या रांगेला सांगितले, "आवं, साताऱ्याची मेंढरं आंगूळ करत्यात."

"शिकेकाईनं का रिठ्यानं?" मागून कुणीतरी विचारले.

"आन उटणं?"

रांग मोडली. चात्या गोल फिरत जमिनीवर पडल्या. मी रडले नाही, कारण मला रडण्यापेक्षा मोठी उत्सुकता लागली होती: त्या वासात असे काय असते, जे गेले की धागाच होत नाही? मी शेजारणीच्या लोकरीचा पुंजका बोटांत चोळला. बोटांना मेण लागल्यासारखे झाले. दोन तंतू एकमेकांना चिकटले आणि सुटेनात. मला आवडत नसलेला तो वासच त्यांना धरून ठेवत होता.

गुरुजींकडची लोकर संपली होती. एकाला एकच ओंजळ, असा नेम होता.

"आता गं?" मी म्हणाले.

शेजारणीने माझी पडलेली चाती उचलून माझ्या हातात दिली. "सांजच्याला वढ्याकडं ये. मेंढरं येत्यात तवा."

ओढ्याजवळ वाट अरुंद होती आणि दोन्ही बाजूंना बाभळीचे कुंपण होते. मेंढरे एकमेकांना घासत, धुळीचा पडदा ओढत त्यातून गेली. धूळ खाली बसली आणि मला दिसले: प्रत्येक काट्यावर लोकरीचा एक एक टिपका अडकला होता. काळा, तपकिरी, पांढुरका. उतरत्या उन्हात कुंपण फुलल्यासारखे दिसत होते.

"ही कुनाचीच न्हाई," ती म्हणाली. "घे."

कितीतरी संध्याकाळी मी काट्यांवरची ती लोकर वेचली. बोटे ओरबाडली, परकराला भोके पडली. हाताने चाचपून मला डोळे मिटून रंग ओळखता येऊ लागले. काळी लोकर राठ असे, पांढरी जरा ओलसर. मावशीला केसांच्या वासावरून सारे कळले. तिने मला न्हाणीत बसवून दोनदा न्हाऊ घातले, आणि फाटकाबाहेरची दिव्याची देवळी झाडून दिली. "इथे ठेव ती तुझी मेंढी," ती म्हणाली. "आणि धुवायला मला देऊ नकोस."

माझे सूत तयार झाले ते कुठे काळे, कुठे तपकिरी, कुठे पांढरे, ठिपक्यांच्या सापासारखे. कुठे जाड होते, कुठे बारीक. पण ओढले तर टणत्कार करी.

त्याच आठवड्यात साताऱ्याहून निरोप आला. वडिलांनी भात खाल्ला होता. पुढच्या मोटारीने मला परतायचे होते, आणि पारख त्याच्या आदल्या दिवशी होती.

पाटी वडिलांनीच आणलेली होती, आजारी पडण्याआधी. गुरुजींनी तिच्या भोकातून माझे सूत ओवले. "खात्री आहे?" त्यांनी हळूच विचारले. मी मान डोलावली. त्यांनी हात सोडला. पाटी दचकली, थोडी खाली आली आणि गोल फिरू लागली. पीळ उलगडत होता. वर्ग तेराचा पाढा म्हणू लागला, आणि मी तो म्हणू शकले नाही. पाटी एका बाजूला गिरक्या घेत थांबली, मग उलट फिरली, दर फेरीला तिच्यावरून उन्हाची एक तिरीप माझ्या डोळ्यांत येत होती. तेरा दाहे म्हणेपर्यंत ती नुसती झुलत राहिली. फांदीवरून लिंबाचे एक पान तिच्यावर पडले आणि घसरून खाली गेले. गुरुजींनी सूत सोडवले आणि घोंगडीसाठीच्या सुतांत ठेवले.

रात्रभर मला एकच विचार छळत राहिला. सणगर ते लावील ना? आणि लावले, तर कुठे? पाहुणीचे सूत काठाला लागत असेल, दशांजवळ, जिथे सर्वांत आधी झिजते.

सकाळी मोटार वेशीजवळ उभी होती. भट्टीत कोळसे पेटत होते. सणगराच्या आळीकडून चिंचोक्यांच्या खळीचा वास येत होता. रस्त्याच्या कडेला घोंगडीचा ताणा, म्हणजे उभे धागे, पसरून सणगर त्यांना खळ फासत असणार. मला तिकडे जाऊ देतील अशी आशा नव्हती. मी खिडकीत बसले होते. तेवढ्यात माझी शेजारीण आळीतून पळत आली, उजव्या हाताला कोपरापर्यंत खळ लागलेली.

"लावलं?" मी विचारले.

तिने मान डोलावली.

"कुठं गं? काठाला?"

मोटारीने झटका दिला. ती दोन पावले बरोबर चालली, आणि खळीने चिकट झालेला हात खिडकीवर ठेवून म्हणाली, "मधी."