उजवीकडून सुरू होणारी पानं

चुका काढणं हा माझा धंदा आहे. अम्मानमधल्या आमच्या कंपनीत वेबसाईट तयार झाली की आधी माझ्याकडे येते आणि मी तिच्यात खोट काढते. माझा नवरा म्हणतो, बरं झालं तुला याचा पगार मिळतो, नाहीतर सगळं आमच्याच वाट्याला आलं असतं. तेव्हा मी, रुबा, कुणाची उगाच स्तुती करणाऱ्यांतली नाही. पण अबू सैफनी केलेल्या पानात चूक सापडली तर मी आधी स्वतःवर संशय घ्यायची. बहुतेक वेळा तो खराही ठरायचा.

त्यांचं नाव हिकमत. थोरला मुलगा सैफ, म्हणून सगळ्यांचे अबू सैफ, म्हणजे सैफचे वडील. वय पन्नाशीचं, पाठीला खुर्चीने दिलेलं पोक, आणि चहात एवढा मैरमियाचा पाला की ऑफिसात शिरल्या शिरल्या वासावरून कळायचं, आले आहेत. ते हे काम शिकले तेव्हा जगातली सगळी पानं डावीकडून सुरू व्हायची. आमची अक्षरं उजवीकडून. त्यामुळे अरबी पान उघडलं की मेनू एकीकडे, मजकूर दुसरीकडे, 'पुढे' म्हणणारा बाण मागे बोट दाखवतोय, आणि वाक्यात मधेच फोन नंबर आला की वाक्याचे दोन तुकडे आपसांत जागा बदलून बसलेले. अबू सैफनी यावर एक भलीमोठी फाईल लिहिली होती. डावीकडचं सगळं उचलून उजवीकडे ठेवायचं, आणि कुठल्या ब्राउझरला ते कुठल्या भाषेत समजवायचं, हे सगळं तिच्यात. ते तिला आरसा म्हणायचे. आमच्या कंपनीची झाडून सगळी कामं त्या आरशावर उभी होती, आणि ब्राउझरची नवी आवृत्ती आली की त्यात कुठेतरी तडा जायचा. मग अबू सैफ बसायचे.

"ब्राउझर म्हणजे जावई, पोरी," ते मला म्हणायचे. "का रुसला ते विचारायचं नाही. पुढ्यात काय ठेवलं की रुसवा जाईल तेवढं बघायचं."

पण ते नुसते डागडुजी करणारे नव्हते, हे मला ठासून सांगायचंय, कारण नंतर लोकांनी त्यांना तसंच ठरवलं. सकाळी आल्यावर त्यांचं पहिलं काम म्हणजे कुठल्या ब्राउझरमध्ये नवीन काय आलं ते वाचणं. फोन घ्यायचे नाहीत, कुणाशी बोलायचे नाहीत. वाचून झालं की लगेच एक रिकामं पान उघडून ती नवी गोष्ट चालवून बघायची. चालली की मान न वळवता हाक, "रुबा, इकडे ये, गंमत बघ."

यझन नावाचा आमचा एक प्रोग्रामर आहे, तिशीच्या आतला, हुशार, पण तोंडाचा फटकळ. तो म्हणायचा, "अबू सैफ, घरी उम्म सैफचं बोलणं तरी एवढ्या लक्षपूर्वक ऐकता का?"

"ती दर महिन्याला बदलत नाही रे," अबू सैफ म्हणायचे.

आणि ते पत्रं लिहायचे. ब्राउझर बनवणारे लोक सूचना मागवतात, तिथे. मोडक्यातोडक्या इंग्रजीत, वर्षानुवर्षं एकच म्हणणं. तुम्ही डावं आणि उजवं म्हणू नका, सुरुवात आणि शेवट म्हणा. तुमची सुरुवात डावीकडे असेल, आमची उजवीकडे असते. असं मागणारे जगात आणखी पुष्कळ होते, अरब, इराणी, यहुदी, सगळेच पिडलेले. आपल्यामुळे काही झालं असं अबू सैफनी कधी म्हटलं नाही. पण हळूहळू ते आलं. आधी एका ब्राउझरमध्ये, मग दुसऱ्यात, शेवटी सगळ्यांत. पान कुठल्या भाषेचं आहे एवढं सांगा, सुरुवात कुठली ते ब्राउझर स्वतः बघतो.

माणूस पोराच्या लग्नात नाचतो तेवढं खूश मी त्यांना तेव्हा पाहिलं.

आमचे मालक जलाल. हा इसम सगळ्यांना 'हबीबी', माझ्या लाडक्या, म्हणतो, आणि ज्याला जास्त वेळा म्हणतो त्याने जपून राहावं. त्याच्यासमोर अबू सैफनी सगळ्यांची बैठक बोलावली. भिंतीवर आमची सगळ्यात मोठी अरबी वेबसाईट लावली आणि म्हणाले, "आता मी आरसा काढून टाकतो."

काढला. पान हललंसुद्धा नाही. मेनू जागेवर, बाण जागेवर, नंबर जागेवर.

"बघा!" अबू सैफ म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "एक ओळ. एवढंच लागतं आता."

जलालने विचारलं, "म्हणजे ती फाईल नकोच?"

मी खोकले. टेबलाखालून अबू सैफचा पायही शोधला, पण तो सापडला यझनचा.

"अजिबात नको!" अबू सैफ म्हणाले. "उद्या काढून टाकू. यझनसुद्धा करेल हे काम, कालच्या पोरालासुद्धा येईल. हीच तर मजा आहे, उस्ताद जलाल."

"वा, हबीबी, वा," जलाल म्हणाला. त्या बैठकीत तो चार-पाच वेळा तरी हबीबी म्हणाला असेल. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "अबू सैफ, तुम्ही स्वतःच्या हाताने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतलात."

त्यांना कळेचना. "अगं, चांगली गोष्ट झाली ती सांगायची नाही?"

महिन्याभराच्या आत त्यांना काढायचं ठरल्याची बातमी आली. ती आमचे हिशेबनीस अबू जिर्यस यांनी आणली. मदाबा गावचे म्हातारे, मोठ्या घराण्यातले, कुठे भांडण मिटवायचं असलं की लोक त्यांना पुढे करतात. ते म्हणाले, "आपण जाहा घेऊन जाऊ, चार वडीलधारे मिळून शब्द टाकायला."

मला हसू आलं. "अबू जिर्यस, कुणाची मुलगी मागायला चाललात?"

"मुलगी मागायला जातात तसं माणसासाठीही जातात. तुम्हा शहरातल्या पोरींना काय ठाऊक! तू कॉफी कर."

म्हणजे बायकांनी कॉफी करायची आणि पुरुषांनी ती न पिता बसायचं. केली मी. ऑफिसातले वडीलधारे, दोन जुनी गिऱ्हाइकं, आणि अबू जिर्यसनी आपल्या गावाहून बोलावलेले एक पांढऱ्या दाढीचे पाद्री, असे सगळे जलालच्या खोलीत ओळीने बसले. मी दाराशी उभी. अबू जिर्यसनी आपला कप उचलला, आणि न पिता समोर ठेवला. बाकीच्यांनीही ठेवले.

"उस्ताद जलाल, आम्ही एक मागणं घेऊन तुझ्या दारी आलोय. हिकमतला काढू नकोस. तू हो म्हणालास तर तुझी कॉफी पिऊ. नाही म्हणालास तर तशीच ठेवून उठू."

जलालचं तोंड बघण्यासारखं झालं. पाहुणे न पिता उठले तर सबंध अम्मानमध्ये त्याची छी-थू झाली असती. त्याने छातीवर हात ठेवला. "प्या, अबू जिर्यस, कॉफी प्या. तुमचा शब्द माझ्या डोक्यावर. हिकमत माझ्याकडे आहे तोवर त्याला कुणी हात लावणार नाही."

सगळ्यांनी गार कॉफी घटाघटा प्यायली. त्या दिवशी कुनाफ्याची मिठाई आली, यझननेसुद्धा अबू सैफच्या डोक्याचं चुंबन घेतलं. मीही खूश होते, खोटं कशाला बोलू.

जलालने शब्द पाळला. काढलं नाही. जिन्याखालच्या खोलीत बसवलं. एका विमा कंपनीचं जुनं काम आमच्याकडे आहे. त्यांच्या सगळ्या मशिनींवर फार जुना ब्राउझर आहे, आणि तो बदलला तर त्यांचा आतला कारभार कोलमडेल म्हणून त्यांनी तो तिथेच थांबवून ठेवलाय. त्या पानांना अजून आरसा लागतो. अबू सैफना तसलीच एक मशीन दिली. नवीन काही चढवायचं नाही आणि इंटरनेटही नाही, कारण गिऱ्हाइकाची अट. ज्या माणसाचा दिवस नवीन काय आलं ते वाचून सुरू व्हायचा, त्याला या लोकांनी अशा मशिनीसमोर बसवलं जिथे यापुढे काही येणारच नव्हतं.

सुरुवातीला ते सकाळी फोनवर वाचायचे. मग मी बघितलं तर फोन टेबलावर पालथा.

"आज काय आलं नवीन, अबू सैफ?"

"वाचलं नाही."

"का?"

"वाचलं की हात शिवशिवतात. करू कुठे? विमावाल्यांच्या पानावर?"

मी खटपट करून त्यांच्यासाठी काम शोधलं. माझी एक जुनी मैत्रीण शाळेच्या पोरांसाठी अरबी पुस्तकं इंटरनेटवर आणणाऱ्या संस्थेत आहे. सगळं नवीन, सगळं उजवीकडून, आणि त्यांना अगदी असाच माणूस हवा होता. मैत्रिणीने त्यांना बोलावलं, ते गेले, तासभर बोलले. परत आले तेव्हा जिन्यावरून भराभरा उतरत होते. मला वाटलं, सुटला माणूस.

दुसऱ्या दिवशी म्हणाले, "मी नाही म्हणून कळवलं."

"डोकं फिरलंय का तुमचं?"

"रुबा, अबू जिर्यस माझ्यासाठी दुसऱ्याच्या दारात जाऊन बसले. पाद्रीबाबांना घेऊन. या माणसाला ठेव म्हणून हात पसरले. आता मीच उठून गेलो तर जलाल काय म्हणेल? ज्याच्यासाठी मागायला आलात तो बघा कसा निघाला. त्यांच्या पांढऱ्या केसांना मी काळं फासू?"

"मग त्यांनाच विचारा. ते सोडतील तुम्हाला."

"असं विचारायचं नसतं."

त्यांनी नाही विचारलं, म्हणून मी गेले. अबू जिर्यस आपल्या खोलीत भोपळ्याच्या बिया सोलत बसले होते. मी सगळं सांगितलं. तो माणूस तिथे कुजतोय म्हटलं. तुम्ही एकदा म्हणा, जा बाबा, माझी हरकत नाही, एवढंच हवंय.

त्यांनी ऐकून घेतलं. "कुजतोय म्हणजे? पगार मिळतो की नाही?"

"मिळतो."

"कुणी बोलतं का त्याला?"

"नाही. कुणी बोलतच नाही त्याच्याशी."

"मग झालं तर. पोरी, शब्द मागून घेतलाय आम्ही. आता त्याला जा म्हणू, तर पुढच्या वेळी माझी कॉफी कोण मानेल? उद्या तुझ्याच घरचं काही असलं तर मी कुठल्या तोंडाने जाऊ?" आणि बियांची वाटी माझ्याकडे सरकवली. मी घेतल्या नाहीत. एवढा एकच राग मला तिथे काढता आला. पुस्तकवाल्यांनी दुसरा माणूस घेतला.

परवा एक गोष्ट हाती लागली. पानावर बटण दाबलं की त्याला धरून एक छोटी खिडकी उघडते ना, ती अरबी पानावर हमखास भलतीकडे पळायची, पार कडेच्या बाहेर. तिला जागेवर ठेवायला किती कसरत करावी लागायची ते मी तपासणारी आहे, मला ठाऊक. आता ब्राउझर ती स्वतःच बटणाला बांधून ठेवतो, कडेला जागा नसली तर दुसऱ्या बाजूला नेतो. यझनने ते वापरलंय, काय वापरलंय याचं त्याला फारसं कौतुकही नाही. मी लॅपटॉप उचलला आणि जिन्याखाली गेले.

"बघा तरी," मी म्हटलं.

अबू सैफ नको नको म्हणत वळले. एकदा बटण दाबलं. मग ब्राउझरच आखडून लहान केला आणि दाबलं, मग पान अरबीचं इंग्रजी करून दाबलं. खुर्ची पुढे ओढली. "ही कडेला नेली तर?" स्वतःशीच म्हणाले, आणि चष्मा कपाळावर चढवून आतला कोड उघडायला लागले. ती जुनी बोटं भराभर चालत होती.

दारात अबू जिर्यस. बरोबर नवीन लागलेली एक मुलगी आणि तिचे वडील, ऑफिस बघायला आलेले.

"आणि हे आमचे हिकमत," अबू जिर्यस म्हणाले. "यांना काढायला निघाले होते. मी गेलो, कप ठेवला समोर, म्हटलं, पिणार नाही. विचारा यांना. आज बसलेत की नाही आरामात?"

अबू सैफनी लॅपटॉप मिटला. उठून उभे राहिले, पोक होतं तेवढं ताठ करून. छातीवर हात ठेवला.

"अल्लाह अबू जिर्यसना उदंड आयुष्य देवो," ते म्हणाले. "त्यांच्यामुळेच इथे आहे."

मुलीचे वडील म्हणाले, अशी माणसं आता राहिली नाहीत. अबू जिर्यसनी मान हलवली आणि त्यांना वर घेऊन गेले. अबू सैफ खाली बसले. मी लॅपटॉप पुन्हा उघडू लागले, तर त्यांनी झाकणावर हात ठेवला.

"ने तो, रुबा. आणि पुन्हा मला काही दाखवायला आणू नकोस. मला फार त्रास होतो."